धाव बसवताना



ज्या शाळेच्या बाकांवर बसून मी मराठी लिहायला शिकलो, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून बोलण्याचा योग आज आला, याबद्दल मी आयोजकांचा मनापासून आभारी आहे. चिटणीसांनी व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा मी तो सांगितला आणि दूरध्वनीवर काही क्षण शांतता पसरली. मग त्यांनी अदबीने विचारले, "सर, म्हणजे खेळण्यातली गाडी?" मी म्हटले, होय, खेळण्यातलीच. विजेच्या मोटरीवर धावणारा, हातातल्या रेडिओ-यंत्राने दुरून चालवायचा एक छोटा ट्रक, आणि त्याला मापाहून मोठे टायर बसवण्याचा खटाटोप. पस्तीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवलेल्या माणसाने संतवाङ्मयावर किंवा सीमाभागातील मराठीवर बोलावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आपल्या सरांचे माझ्याकडे एक जुने येणे आहे. ते याच विषयाने थोडेफार फिटेल, असे मला वाटते.

सर आम्हाला शास्त्र आणि गणित शिकवीत. १९६५ साली मी नववीत होतो. त्या वर्षी मराठीचे शिक्षक दीर्घ रजेवर गेले आणि निबंधाच्या वह्या तपासण्याचे काम काही आठवडे सरांकडे आले. विषय होता 'बैलगाडीचे चाक'. मी चार पाने लिहिली. कालचक्र, भाग्यचक्र, सुदर्शनचक्र, चरख्याचे चाक, जन्ममरणाचे रहाटगाडगे, जे जे आठवले ते सारे त्यात होते. वर्गात माझ्या निबंधांचे वाचन होत असे, त्यामुळे याही वेळी होणार याची मला खात्री होती. वही परत आली तेव्हा शेवटच्या पानावर तांबड्या शाईत एकच वाक्य होते : "यात चाक कोठेही फिरलेले नाही." गुण दिलेच नव्हते.

त्यानंतरच्या रविवारी सर मला गावाबाहेर एका लोहाराकडे घेऊन गेले. तेथे गाडीच्या चाकाला धाव बसवण्याचे काम चालले होते. आपल्यापैकी ज्येष्ठांना धाव म्हणजे काय ते सांगावयास नको. तरुण मंडळींसाठी सांगतो : लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात ती धाव. ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित आखूड करतात, गोवऱ्यांच्या आगीत लाल तापवतात, तापून ती फुगली की चिमट्यांनी उचलून चाकावर घालतात आणि लगोलग पाणी ओततात. धाव आकसते आणि आरे, तुंबा, सारे एकमेकांत करकचून बसते. खिळा नाही की गोंद नाही. सरांनी मला तेथेच मातीत हिशेब करायला लावला. एक अंश तापमान वाढले की लोखंड आपल्या लांबीच्या लाखातील सुमारे १.२ भाग वाढते. चाकाचा व्यास १२० सेंटिमीटर, म्हणजे घेर सुमारे ३७७ सेंटिमीटर. धाव ५०० अंशांनी तापली तर किती वाढेल? उत्तर सव्वादोन सेंटिमीटरांच्या आसपास आले. "आता निबंध लिही," सर म्हणाले. मी तो लिहिला नाही. पुढच्या आठवड्यात मराठीचे शिक्षक रजेवरून परतले, आणि मी पुन्हा भाग्यचक्रांकडे वळलो. हेच ते येणे.

आता ट्रककडे येतो.

माझ्या मुलीचा मुलगा दहावीत आहे. तो इंग्रजी माध्यमात शिकतो, घरी मराठी बोलतो, गल्लीत मराठी आणि कन्नड दोन्ही. दोन वर्षे वाढदिवसाचे आणि दिवाळीचे पैसे साठवून त्याने हा ट्रक घेतला. खऱ्या ट्रकच्या दशांश मापाचा, चारही चाकांना ओढ असलेला, परदेशी बनावटीचा. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त खेळण्यांशी त्याचे नाते केवळ रूपापुरते आहे. त्यात धक्के शोषणारे तेल भरलेले शॉक-ॲब्सॉर्बर आहेत, डिफरन्शिअल आहे, गिअर आहेत आणि प्रत्येक भाग सुटा मिळतो. पहिल्या पावसाळ्यात टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर त्याची गाडी ओल्या गवतात पोट टेकून बसू लागली, तेव्हा त्याला मोठ्या टायरांचा ध्यास लागला. तो हिशेब करून मधले माप निवडत होता. मी खिशातून पैसे काढले आणि म्हटले, "घालायचेच तर सगळ्यांत मोठे घाल." ही माझ्या बाजूची उदारता होती. तिच्यात माहितीचा अंशही नव्हता.

मोठ्या चाकांचे वेड त्याचे एकट्याचे नाही. अमेरिकेत सेंट लुईस येथील बॉब चँडलर या गृहस्थांनी १९७४ सालचा आपला फोर्ड ट्रक असाच वाढवत नेला. मोठे टायर घातले की आख मोडत, म्हणून जाड आख घालावयाचे. जाड आख आले की त्याहून मोठे टायर झेपतात असे वाटावयाचे. शेवटी लष्करी वाहनांचे आख आले, आणि आणखी मोठे टायर आले. १९८१ साली या ट्रकने दोन जुन्या मोटारी चिरडल्या आणि 'मॉन्स्टर ट्रक' नावाचा एक करमणुकीचा प्रकार जन्मास आला. ट्रकचे नाव 'बिगफूट'. चँडलरांचा पाय ॲक्सिलरेटरवर जड पडतो, म्हणून त्यांच्याच माणसाने ठेवलेले हे टोपणनाव. जपानच्या तामिया कंपनीने १९८७ साली दोन मोटरींचा 'क्लॉड बस्टर' हा छोटा ट्रक काढला, तो याच थोरल्यांचे लहान रूप. तेव्हापासून जगभरची मुले, आणि मुलांच्या नावाखाली त्यांचे बापही, लहान ट्रकांना मोठी चाके बसवीत आली आहेत. मला हा इतिहास तेव्हा ठाऊक असता तर आख मोडण्याचा भाग तरी ध्यानात आला असता.

टायर आले. जुन्या चाकाचा व्यास १२ सेंटिमीटर होता, नव्याचा १५. ऐकायला तीनच सेंटिमीटरांचा फरक. ऑगस्टमधली एक संध्याकाळ होती, गवत ओले होते. पहिली पाच मिनिटे गाडी अशी धावली की फिरायला आलेली मंडळी थांबून पाहू लागली. मग ती आपणहून थांबली. नातू म्हणाला, "आज्जा, कंट्रोलर तापलाय, थांबूया." पाहणारे होते, मला मोह आवरेना. मी म्हटले, "निवला असेल आता, एकदा चालव." असे दोनदा झाले. तिसऱ्या वेळी एक टायर रिमवरून फाटून निघाला, आणि पाठोपाठ जळक्या वासाचा धूर आला. मोटरीला वीज पुरवणारा कंट्रोलर संपला होता. दोन वर्षांच्या बचतीतला मोठा भाग त्यातच गेला होता. मुलगा मला एक शब्दही बोलला नाही. त्याने ट्रक उचलला, घरी आणला आणि पलंगाखाली ढकलून दिला. तेथे तो दीड महिना पडून होता. जावईबापू म्हणाले, दहावीचे वर्ष आहे, विकून टाकू. मला त्या दिवसांत सरांचे तांबडे वाक्य वारंवार आठवू लागले.

शेवटी मी नातवाजवळ गेलो आणि म्हटले, कंट्रोलरचे पैसे मी देतो, परंतु काय झाले ते मला समजावून सांग. आणि मराठीत सांग, कारण इंग्रजीत सांगितलेस तर मी मान हलवीन आणि तुला वाटेल की मला कळले. ही अट त्याला जाचक वाटली. त्याच्याजवळ गोष्ट पुरी होती, शब्द अपुरे होते; माझ्याजवळ शब्द होते आणि गोष्ट नव्हती. आम्ही एक वही केली. आज मी जे सांगणार आहे ते त्या वहीतील आहे, आणि गणित त्याचे आहे.

आधी मोटर. आपल्या घरच्या मिक्सरच्या मोटरीचे 'कार्बन' जातात, हे आपण जाणतो. फिरत्या भागाला वीज पोचवण्यासाठी कार्बनचे दोन तुकडे त्यावर सतत घासत असतात. ते झिजतात, ठिणग्या उडतात. या ट्रकच्या मोटरीत कार्बन नाहीतच. तिला ब्रशलेस म्हणतात. येथे रचना उलटी आहे : तारांची वेटोळी स्थिर आणि आत फिरतो तो चुंबक. मोटरीला तीन तारा असतात. कंट्रोलर त्या तीन तारांतून आळीपाळीने वीज सोडतो आणि चुंबक त्या फिरत्या ओढीमागे धावतो. तिनांतील कोणत्याही दोन तारा अदलाबदल केल्या की मोटर उलटी फिरते. (हा प्रयोग मी स्वतः केला. या वयात हाताने केलेल्या गोष्टीचे अप्रूप वाटते, ते क्षम्य मानावे.) चुंबक या क्षणी कोठे आहे हे कंट्रोलरला कळायला हवे. या प्रकारच्या मोटरीत वेगळा संवेदक नाही. फिरता चुंबक तारांमध्ये जी उलट वीज उत्पन्न करतो, तिच्यावरून कंट्रोलर अंदाज बांधतो. गाडी उभी असताना ती उलट वीज नसते, म्हणून सुरुवातीला तो चाचपडतो. गाडी थरथरते, अडखळते. चाक जड असेल तर हे चाचपडणे लांबते आणि तेवढा वेळ वीज मात्र वाहतच असते.

आता चाक. मोटरीवर ३५०० हा आकडा आहे. त्याचा अर्थ, एका व्होल्टला मिनिटाला ३५०० फेरे. दोन घटांची लिथियमची बॅटरी ७.४ व्होल्टची, म्हणजे मोकळ्या मोटरीचे २५,९०० फेरे. मोटरीच्या दांड्यावरचे छोटे दातेरी चाक, ज्याला कारखान्यात पिनियन म्हणतात, ते १८ दात्यांचे. त्याला भिडणारे मोठे चाक ५४ दात्यांचे. पुढे आतल्या गिअरमध्ये आणखी चौपट घट. एकूण मोटरीच्या बारा फेऱ्यांना चाकाचा एक फेरा. म्हणजे चाक मिनिटाला सुमारे २१५८ वेळा फिरणार. जुन्या चाकाचा घेर ३७.७ सेंटिमीटर, त्याने ताशी सुमारे ४९ किलोमीटर होतात. नव्याचा घेर ४७.१, त्याने ६१ होतात. रस्त्यावर प्रत्यक्षात इतके कधी होत नाही, परंतु प्रमाण तेच राहते. गाडीचा एकही गिअर न बदलता, नुसते टायर बदलून, आम्ही तिला सव्वापट उंच गिअरमध्ये टाकले होते. सायकलवाल्याला हे लगेच कळेल : चढावर मोठा गिअर टाकून पायडल मारण्यासारखे.

फुकट काहीच मिळत नाही. चाकाला फिरवणारे जे बळ असते, त्याला पाठ्यपुस्तकात 'आघूर्ण' म्हणतात. नातवाने हा शब्द कधी ऐकला नव्हता आणि मीही पस्तीस वर्षांत तो एकदाही उच्चारला नव्हता. कारखान्यात टॉर्क म्हणतात. मी 'पीळ' सुचवला. तो त्याला पटला, कारण ओले धोतर पिळताना हाताला जे जाणवते तेच हे आहे. तर जमिनीवर तीच रेट मिळवायची, पण चाकाची त्रिज्या सव्वापट, म्हणून पीळही सव्वापट हवा. मोटरीचा पीळ विजेच्या प्रवाहाच्या प्रमाणात असतो, म्हणून प्रवाह सव्वापट. येथपर्यंत मला वाटले की सव्वापट म्हणजे फार नव्हे. तेव्हा मुलाने वहीत पुढची ओळ लिहिली : तारांत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सव्वा गुणिले सव्वा, म्हणजे १.५६. दीडपटीहून अधिक. त्यात ओले गवत, त्यात चाकाचे वजन. जुने चाक ११५ ग्रॅमचे, नवे २०० ग्रॅमचे, आणि हे वजन परिघाकडे असल्याने त्याला गती देण्याची अडचण वजनाबरोबरच त्रिज्येच्या वर्गानेही वाढते. तो हिशेब २.७ पटींवर गेला. प्रत्येक वेळी गाडी उभ्यावरून पळवताना, प्रत्येक वेळी ब्रेक मारून पुन्हा पळवताना, हे पावणेतीनपट ओझे कंट्रोलर उचलीत होता. तो आपणहून थांबत होता तेव्हा तेच सांगत होता, आणि मी त्याला "एकदा चालव" म्हणत होतो.

कंट्रोलर जळाला ते एका अर्थी बरेच झाले, असे नंतर कळले. मोटरीतील चुंबक निओडिमियमचे असतात. साधारण प्रतीचे निओडिमियम ८० अंश सेल्सिअसच्या पुढे तापले तर आपली शक्ती कायमची गमावू लागते. ती नंतर थंड केल्याने परत येत नाही. शक्ती गेलेली मोटर फसवी असते : मोकळी फिरवली तर पूर्वीपेक्षा जोरात फिरते, पण पीळ देत नाही आणि वीज जास्त खाते. आमची मोटर वाचली.

टायर का फाटला, हे कोडे मला अधिक आवडले. या टायरांत हवा भरलेली नसते. आत स्पंज असतो, आणि रिमला किंवा टायरला श्वासासाठी छिद्रे असतात. टायर रिमला सायनोॲक्रिलेट गोंदाने चिकटवतात, ज्याला आपण कंपनीच्या नावाने ओळखतो तोच प्रकार. मिनिटाला २१५८ फेऱ्यांनी फिरणाऱ्या १५ सेंटिमीटरच्या चाकाच्या कडेवरील एक ग्रॅम रबर बाहेरच्या दिशेने किती ओढले जाते? मुलाने उत्तर काढले, सुमारे ३९० ग्रॅम वजनाइतके. मला ते खरे वाटेना, म्हणून दोनदा काढायला लावले. जुन्या चाकाला हेच ३१२ होते. यापुढची गंमत डिफरन्शिअलची आहे. गाडी उसळून एक चाक हवेत गेले आणि त्याच आखावरचे दुसरे गवतात रुतून थांबले, तर हवेतले चाक दुप्पट वेगाने फिरते, आणि ही ओढ वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे चौपट होते. एका ग्रॅमला दीड किलोहून अधिक. टायर मधोमध फुगून थाळीसारखा पातळ होतो आणि कडा गोंदातून उपटू पाहतो. शिवाय आम्ही गोंद लावण्यापूर्वी रबर पुसलेच नव्हते. साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर त्यावर असतो. तो स्पिरिटने पुसून, रिमची कड पॉलिश-कागदाने खरवडून मग गोंद लावावयाचा असतो. लोहाराची धाव आकसून चाकाला धरते. ही धाव मात्र पळताना फुगून चाक सोडू पाहते. सर असते तर हे वाक्य त्यांनी माझ्याकडून पुराव्यासकट लिहून घेतले असते.

येथे मराठीच्या प्राध्यापकाला एक आडवाट क्षम्य असावी. इंग्रजीतील 'टायर' हा शब्द 'अटायर' म्हणजे पोशाख या शब्दाचा तोकडा झालेला अवशेष आहे. त्यांच्या भाषेने टायरला चाकाचे वस्त्र मानले. आपण त्याला धाव म्हटले. आपल्या कानाला त्यात पळणे ऐकू येते. हवेचा टायर पुढे आला तोही एका मुलासाठी. रॉबर्ट थॉमसन यांनी त्याचे पेटंट १८४५ सालीच घेतले होते, पण ते विस्मरणात गेले. पुढे बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलप या पशुवैद्यकाने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तो पुन्हा घडवला. मुलांच्या गाड्यांना थोरांनी हात लावल्याचे सगळेच परिणाम वाईट झालेले नाहीत, एवढाच दिलासा मी त्यातून घेतला.

दुरुस्तीचे काम दसऱ्यानंतर सुरू झाले. मोठे टायर काढून टाकावेत असे मी सुचवले. मुलगा म्हणाला, "नको आज्जा, आता ते बसवायचेच, पण नीट." पिनियनचा हिशेब त्रैराशिकाचा आहे. व्यास १२ होता तेव्हा १८ दाते, व्यास १५ झाला तर किती? अठराला बाराने गुणून पंधराने भागले : १४.४. दात्यांना अपूर्णांक नसतो, म्हणून १४ घेतले. आता मोटरीच्या सुमारे साडेपंधरा फेऱ्यांना चाकाचा एक फेरा, आणि वेग ताशी ४७ किलोमीटरांच्या हिशेबाने, म्हणजे मूळ गाडीपेक्षा किंचित कमीच. पिनियन लहान झाले की मोटर पुढे सरकवावी लागते. दाते एकमेकांना फार घट्ट भिडले तर घासतात, फार सैल राहिले तर तुटतात. यावर एक सुंदर युक्ती आहे : दोन्ही चाकांच्या दात्यांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरून मोटर दाबावी, स्क्रू आवळावे आणि पट्टी फिरवून काढून घ्यावी. कागदाच्या जाडीएवढी फट उरते, आणि तेवढीच हवी असते.

दुसरा प्रश्न चाक अडकवण्याच्या षट्कोनाचा होता. जुनी चाके १२ मिलिमीटरच्या षट्कोनावर बसत, नवी १७ च्या. विकतचा जोड ढिला निघाला, म्हणून आम्ही उद्यमबागेत आपल्या शाळेच्याच एका माजी विद्यार्थ्याच्या वर्कशॉपमध्ये गेलो. ते आज सभागृहात आहेत. नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही. मोठमोठ्या कास्टिंगचे मशिनिंग करणाऱ्या या माणसाने हातातले काम बाजूला ठेवून ते छोटे चाक फिरवून पाहिले आणि नातवाला तीन प्रश्न विचारले. चाकाचे वजन किती, आत बेअरिंग केवढे, आणि नवे चाक जुन्यापेक्षा किती बाहेर येणार? बेअरिंग ११ मिलिमीटरचे होते, आणि चाक ८ मिलिमीटर बाहेर येणार होते. ते म्हणाले, या आठातच सगळे पाणी मुरतंय. बेअरिंगवर भार पडतो तो तरफेने, आणि स्टिअरिंग वळवणाऱ्या छोट्या मोटरीलाही तीच तरफ सोसावी लागते. त्यांनी जोड असा करून दिला की चाक तीनच मिलिमीटर बाहेर आले. मी उत्साहाने म्हटले की आखही पोलादाचा जाड करून द्या. ते हसले. "सर, कुठं तरी तुटायला पाहिजेच. स्वस्त आणि हाताशी असंल ते तुटू दे. आख जाड केला तर आतला गिअर जाईल." मग त्यांनी मोठ्या दातेरी चाकावरची स्प्रिंग दाखवली. ती थोडी सैल ठेवली तर एकदम झटका बसताच चाक क्षणभर घसरते आणि पुढचे सारे वाचते. चँडलरांना इतक्या स्वस्तात हा सल्ला मिळाला असता तर कदाचित मॉन्स्टर ट्रक झालेच नसते.

बाकी तपशील धावतच सांगतो. पुढची चाके पूर्ण वळवली आणि शॉक पूर्ण दबला की टायर बॉडीला घासत होते; पॉलिकार्बोनेटची बॉडी वक्र कात्रीने कापावी लागली. टायरच्या आतून कापडी चिकटपट्टीचे दोन वेढे दिले, त्यामुळे फुगणे आटोक्यात आले. गाडी दीड सेंटिमीटर उंच झाल्याने वळणावर कलंडू लागली. ती सवय गाडीला नव्हे, चालवणाऱ्याला लावावी लागली. पाण्यातून गेले की स्पंज पाणी पितो आणि चाक जड व लंगडे होते, म्हणून पावसात चालवल्यावर चाके हाताने फिरवून निथळावी लागतात. जड चाकांचा एक फायदा मात्र आहे. गाडी उडी मारून हवेत असताना चाकांचा वेग वाढवला तर तिचे नाक वर उचलले जाते, ब्रेक मारला तर खाली येते. मोठ्या चाकांनी हे अधिक ठळक होते. माझा नातू आता गाडीला हवेत सावरून चारही चाकांवर उतरवतो.

तापमान मोजण्याची एक फजिती सांगितलीच पाहिजे. २०२० च्या करोनाकाळात घेतलेले, कपाळासमोर धरावयाचे तापमापक घरात होते. तेच आम्ही मोटरीवर रोखले. ते माणसाच्या तापासाठी केलेले. बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे आकडाच दाखवीना. शेवटी एका फौंड्रीतून मोठ्या मापाचे मागून आणले. त्याने वहीत नोंदी झाल्या. जुनी चाके, दहा मिनिटे, कोरडे मैदान : ५८ अंश. नवी चाके, चौदा दाती पिनियन : ६३. तीच, ओल्या गवतात : ७१. ७१ ला मुलाने गाडी थांबवली. मी काही बोललो नाही.

ही वही त्याने स्वतःच्या हाताने मराठीत लिहिली आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुष्कळ आहेत, त्या मी दुरुस्त केलेल्या नाहीत. चाक तिच्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरते आहे. शाळेच्या ग्रंथालयाने ती स्वीकारावी, अशी माझी विनंती आहे.

एक गोष्ट राहिली. १९८७ साली मी आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकाचा संपादक होतो. फौंड्रीत काम करणाऱ्या एका गृहस्थांच्या मुलाने एक लेख दिला होता. साच्याची वाळू ओळखण्यावर तो होता : वाळू मुठीत घट्ट दाबावी, मूठ उघडावी, गोळा मधोमध मोडावा, तुकड्याची कड धारदार राहिली तर ओल बरोबर, भुगा झाला तर कमी, हाताला चिकटली तर जास्त. वडिलांचा हात धरून तो हे शिकला होता. मी लेख परत केला. वर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिले होते : "माहिती चांगली आहे, परंतु हा साहित्याचा विषय नव्हे." त्याचे नाव मला आठवते, पण ते येथे उच्चारण्याचा अधिकार मी गमावला आहे. तो याच शाळेतून आला होता, म्हणून कदाचित आज या सभागृहात असेल, किंवा ही पुस्तिका त्याच्या हाती पडेल. लेखाची प्रत त्याच्याजवळ असल्यास त्याने ती मला वाचावयास द्यावी. माझा पत्ता शाळेच्या कार्यालयात आहे.